शेवटच्या कडव्याला गाणं पळायचं

३ फेब्रुवारी

प्रिय वादळ,

इतक्या वर्षांनी तुला टोपणनावानं हाक मारावी की नाही, यावर सकाळचा चहा गार केला. तुझं खरं नाव कागदावर लिहून पाहिलं, तर ते वीजबिलावरच्या नावासारखं दिसायला लागलं. म्हणून वादळच.

तू फोन उचलत नाहीस. आधी वाटलं, माझा नंबर ओळखून टाळतोस. मग खालच्या शिंप्याच्या फोनवरून केला, तोही वाजून वाजून दमला. तेव्हा पत्र. फोन टाळता येतो, पण पत्र फाडायच्या आधी माणूस एकदा वाचतोच.

मुद्द्याचं आधी लिहितो, नाहीतर मी कुठे वाहवत जातो ते तुला माहीत आहे. तुझ्या ताईच्या गळ्यात गाठ आहे. घाबरू नकोस, डॉक्टर म्हणतात जिवाला धोका नाही. पण ती नेमकी आवाजाच्या पडद्यावर बसलीय. काढल्यावर आवाज राहील, घोगरा होईल की नुसता श्वास उरेल, ते त्यांनाही सांगता येत नाही. ऑपरेशन अठरा मार्चला आहे. त्याआधी तिला तुझ्याशी बोलायचंय. काय बोलायचंय ते मी विचारलं नाही. म्हणजे मला माहीत आहे, पण ते माझ्या तोंडून किंवा माझ्या हातून जायचं नाही अशी सक्त ताकीद आहे. "मला माझ्या आवाजात सांगायचंय त्याला. आवाज आहे तोवर." एवढंच म्हणते आणि भाजी चिरायला लागते.

तेव्हा ये. बाकी सगळं मी नेहमीप्रमाणे लांबण लावतोय असं समज.

दुकान कधीच बंद केलं. खिडकीपाशी एक टेबल, त्यावर तारांना डाग देऊन जोडायची इस्त्री आणि कुणाकुणाचे मुके रेडिओ, एवढाच संसार उरलाय. परवा एकानं कॅसेट प्लेअर आणून दिला. आत कॅसेट अडकलेली. सोडवून लावली तर काय निघावं? आपल्या काळचा डिस्को. धप, धप, धप, धप, एकाही ठोक्याला खाडाखोड नाही. आणि मला एकदम कामगार क्लबाचा हॉल दिसला. रविवारची दुपार, जमिनीवर बॅडमिंटनच्या पांढऱ्या रेघा, आणि त्या रेघांमध्ये चमचमते शर्ट घातलेली शे-दोनशे माणसं. आठवड्यात कुणी पोती उचलणारा, कुणी बॉयलरवाला. रविवारी सगळे राजपुत्र. छताला तू पत्र्याचा केलेला गोळा, त्यावर आरशाचे तुकडे, आत पंख्याची मोटर. तो फिरायला लागला की भिंतींवर जे चांदणं सांडायचं, त्याच्यावर मी कविता करायला घ्यायचो आणि तू म्हणायचास, "भावोजी, कविता नंतर, आधी वायर जोडा."

तुझी ताई दिवसभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये "कृपया थांबा" म्हणायची आणि रविवारी त्याच आवाजात परदेशी गाणी म्हणायची. अर्थ कुणाला माहीत होता? मी कॅसेट पुन्हा पुन्हा मागे नेऊन कानाला पडेल ते आपल्या अक्षरात लिहायचो, ती पाठ करायची. शाळेत आपण अर्थ न कळता कविता पाठ करायचो आणि तरी डोळे भरून यायचे, तसंच होतं ते.

येशील ना?

तुझा,
भावोजी


१५ फेब्रुवारी

प्रिय वादळ,

उत्तर नाही. ठीक आहे. रुसायचा हक्क मेहुण्याचा असतोच, पण तो एवढा लांबवायचा नसतो. रागाचंही एक वय असतं. तुझा राग आता आजोबा झाला असेल.

मशीनचंच मनात धरून बसलायस ना? मग त्याबद्दलच लिहितो. मशीन मी आणलं. हे मी तेव्हाही म्हटलं, आजही म्हणतो. बुटाच्या खोक्याएवढं होतं. वर एका ओळीत लाल दिवे. बटण दाबलं की दिवे एकामागून एक पळायचे आणि आतून ड्रम वाजायचे, माणसाशिवाय. ड्रमच्या मागच्या तुझ्या स्टुलावर ठेवलं होतं, खाली ताईनं विणलेला रुमाल. तू तालमीला आलास, खांद्यावर पिशवी, बोटांना कामावरच्या पत्र्याचे ओरखडे. म्हणालास, "हा पाहुणा कोण?" मी म्हटलं, "हा दमत नाही आणि पळत नाही."

सगळे हसले. तूही हसलास. मग काठ्या परत पिशवीत घातल्यास आणि जिना उतरून गेलास, तो दुसऱ्या गावचाच झालास.

पळायचास मात्र खरा. पहिलं कडवं सरळ, दुसरं सरळ, आणि शेवटच्या कडव्याला तुझ्या अंगात यायचं. नाचणारे तुला ओढायचे की तू त्यांना, देव जाणे. शाळेत नाही का, कविता म्हणताना शेवटच्या ओळींना अख्खा वर्ग सुटायचा, कारण आता घंटा होणार? मास्तर टेबलावर पट्टी आपटून म्हणायचे, "सावकाश, कविता कुठे पळून चाललीय?" पण पळण्यातच मजा होती. गाणं संपायचं तेव्हा हॉलमधला प्रत्येक जण धापा टाकत, हसत, शेजाऱ्याच्या खांद्यावर पडलेला असायचा.

तू गेल्यावर पहिल्याच रविवारी काय झालं ते तुला कुणी सांगितलं का? मशीन चोख वाजत होतं. शेवटचं कडवं आलं आणि सवयीनं सगळ्यांचे पाय पळाले. मशीन पळालं नाही. नाचणारे गाण्याच्या आधी संपले. तो धिप्पाड ट्रकवाला आठवतो? शेवटच्या ठोक्याला एक हात वर करून उभा राहायचा. तो हात वर करून उभा राहिला, आणि गाणं आपलं चाललंय. बिचारा हात खाली घ्यायला लाजला. तसाच उभा, बस थांबवणाऱ्या माणसासारखा. मी पेटी वाजवत होतो, मान वर केली नाही.

तरीही मशीन आम्ही ठेवलं. ठेवणं भाग होतं. त्या दिवसांत ताईला दम लागायचा. तुझ्या वेगानं तिला शेवटच्या कडव्यात श्वास

ती मागे उभी राहून वाचतेय. म्हणते, "हे खोडा." खोडत नाही, पण पुढेही लिहीत नाही. तू आलास की तीच सांगेल.

तिचा आवाज आता दुपारनंतर बसतो. सकाळी बरा असतो. येशील तर सकाळचा ये.

भावोजी


२६ फेब्रुवारी

प्रिय वादळ,

वहिनींचं पत्र आलं. त्यांनी लिहिलंय की तू आमची दोन्ही पत्रं वाचलीस, दुसरं तर दोनदा, आणि ट्रकवाल्याच्या प्रसंगाला एकटाच हसत बसलास. आणि तू फोन उचलत नाहीस कारण तुला तो ऐकूच येत नाही. डावा कान पूर्ण गेला, उजव्यात थोडं उरलंय, तेही कुणी जवळ येऊन ओरडलं तर. आयुष्यभर पत्रा ठोकलास, उरलेल्या वेळात ड्रम. कानांनी किती सोसावं?

डॉक्टरांनी कानात घालायचं यंत्र दिलं, तर तू ते डब्यात ठेवलंस आणि म्हणालास, "एका मशीननं मला एकदा घालवलंय, आता दुसरं डोक्यात घालू?" वहिनींनी हे रागानं लिहिलंय. मी मात्र वाचताना हसलो, मग हसल्याबद्दल वाईट वाटलं.

ताईला वाचून दाखवलं. तिनं चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला आणि खिडकीबाहेर बघत राहिली. समोरच्या गच्चीवर कुणाच्या तरी चादरी वाळत होत्या. मला शाळेतली ती नदीची कविता आठवली आणि मी म्हणायला सुरुवात करणार, तेवढ्यात ती म्हणाली, "आता नको हं."

मी म्हटलं, "मग लिहून टाक. मी पोस्टात टाकतो."

"नाही."

"अगं, त्याला ऐकू येत नाही."

"म्हणून काय झालं? लिहिलं की ते कागदावर राहतं. कुणीही उघडतं, कधीही वाचतं. मला ते एकदाच सांगायचंय. एकदा सांगितलं की संपलं."

"मग ओरडून सांग."

यावर तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की मी उठून दुसऱ्या खोलीत गेलो. ओरडायची तिला बंदी आहे हे एक. आणि काही गोष्टी ओरडून सांगायच्या नसतात हे दुसरं. खाली शिंपी, वर नवीन लग्न झालेलं जोडपं, भिंती पापडासारख्या. आता तुझ्या लक्षात आलं असेल, घोडं कुठे अडलंय ते. जिला हळूच सांगायचंय तिचा आवाज चाललाय, ज्याला सांगायचंय त्याचे कान गेलेत, आणि ज्याचे आवाज नि कान दोन्ही शाबूत आहेत, त्याला कुणी विचारत नाही.

तरी ये. काय करायचं ते बघू. तू समोर बसलास तरी तिला बरं वाटेल. नुसतं बसायलाही माणूस लागतं.

भावोजी


७ मार्च

वादळा,

तुझं कार्ड मिळालं. "येतो. ते मशीन दिसता कामा नये." सबंध पत्रव्यवहारात तुझी दोन वाक्यं, त्यात एक धमकी. ताईनं कार्ड आरशाच्या कडेला खोचून ठेवलंय, केस विंचरताना वाचते.

मशीनची काळजी करू नकोस. क्लब बंद पडला तेव्हाच ते भंगारात गेलं. त्याचे लाल दिवे मी काढून घेतले होते, ते कुणाकुणाच्या रेडिओत लावून संपले. म्हणजे गावभर विखुरलंय, एका जागी सापडायचं नाही.

स्टँडवरून उजवीकडे ये, औषधाच्या दुकानापाशी वळ. आमचा जिना बाहेरून आहे, लोखंडी. तिसरी पायरी हलते. बेल वाजवून थांबू नकोस, दार लोटून आत ये. तसंही आतून "आलो" म्हटलेलं तुला ऐकू येणार नाही.

भावोजी


२४ मार्च

प्रिय वहिनी,

नमस्कार.

तुम्ही लिहिता, हे घरी आल्यापासून हसतमुख आहेत, पण काय झालं विचारलं तर "झालं सगळं" म्हणून पेपर उघडतात. तुमच्या नवऱ्याचा हा स्वभाव तरुणपणापासूनचा. तेव्हा मीच सांगतो. तुमच्या नणंदेनं परवानगी दिलीय, तीही मान हलवून, कारण बोलायला बंदी आहे.

तो चौदा तारखेला सकाळी आला. दारात उभा राहून त्यानं आधी पूर्ण खोली न्याहाळली. मग वाकून पलंगाखाली पाहिलं. मी म्हटलं, "नाहीये रे मशीन." त्याला ऐकू आलं नाही, पण खात्री पटली असावी. ताई म्हणाली, "बस." तो म्हणाला, "बसनंच आलो. गर्दी नव्हती." आम्ही दोघं हसलो, तो आमच्याकडे बघून हसला. अशी पहिली पाच मिनिटं गेली.

मग ती त्याच्या उजव्या कानाशी गेली आणि बोलायला लागली. तो "काय?" म्हणाला. तिनं जोर लावला, खोकला आला. त्यानं पाणी दिलं. पुन्हा बोलली, पुन्हा "काय?" तिसऱ्यांदा तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. तिचा चेहरा बघवेना. तो घाबरून माझ्याकडे बघायला लागला, की मी काहीतरी करेन.

वहिनी, मी आयुष्यभर मुक्या डब्यांना बोलतं केलं, आणि हे मला आधी का सुचलं नाही कुणास ठाऊक. टेबलाखाली एका गिऱ्हाइकाचा टेप पडला होता, दुरुस्त होऊनही न नेलेला, आवाज किती ते दाखवणाऱ्या काट्याचा. त्याला माईक जोडला, दुसरीकडून मोठे हेडफोन, कानांवर वाट्यांसारखे बसणारे. ते हातात घेऊन त्याच्यापुढे गेलो, तर मागे सरकला.

"मशीन?"

मी पेपरच्या कडेला लिहिलं, "हेडफोन. गाणी ऐकायचा." त्यानं वाचलं, विचार केला आणि डोकं पुढे केलं.

ताईच्या हातात माईक दिला. तिनं तो जुन्या सवयीनं हनुवटीशी तिरका धरला. मी आवाजाचं बटण हळूहळू फिरवत नेलं. ती अगदी हळू म्हणाली, "ऐकू येतंय का रे?"

वहिनी, त्याचा चेहरा मी तुम्हाला लिहून सांगू शकत नाही. मला शंभर कविता पाठ आहेत, त्यातली एकही उपयोगाची नाही. तो ओरडून म्हणाला, कारण आपण किती मोठ्यानं बोलतोय हे त्याला कळत नव्हतं, "अगं, हा तर टेलिफोनवालीचा आवाज."

मग तिनं मला जा म्हणून खूण केली. मी म्हटलं, काटा बघायला कुणीतरी हवं, लाल रेघेच्या पुढे गेला तर उरलेला कानही जाईल. तेव्हा तिनं माझं तोंड भिंतीकडे करवलं. मी टेप मांडीवर घेऊन भिंतीकडे वळलो आणि काट्याकडे बघत बसलो. ती माईकला ओठ लावून बोलत होती, हातभर अंतरावर असून मला शब्द ऐकू येत नव्हते. फक्त काटा उठायचा, थरथरायचा, पडायचा. एका जागी तो पडला तो बराच वेळ उठलाच नाही. तिथे ती कशापाशी अडली असणार हे मला माहीत होतं.

तुम्हालाही माहीत असायला हवं. मशीन आणायला तिनं सांगितलं होतं. तेव्हा तिला दिवस गेले होते, अगदी सुरुवातीचे, घरातही कुणाला बोललो नव्हतो. तुमच्या नवऱ्याच्या वेगानं शेवटच्या कडव्यात तिला श्वास पुरायचा नाही, चक्कर यायची. धाकट्या भावाला हे कसं सांगायचं? तिला लाज वाटली. "जरा हळू वाजव" म्हटलं तर "का?" विचारेल, याची भीती वाटली. मी मशीन शोधून आणलं. तो गेला. आणि पुढच्याच महिन्यात ते मूलही राहिलं नाही. मग सांगायला उरलंच काय? ज्याच्यासाठी भावाला दुखावलं तेच गेलं, आता कोणत्या तोंडानं बोलावू, असं ती म्हणायची. पुढे मुलगी झाली, ती मोठी झाली, तिचं लग्न झालं, तरी ही गोष्ट तिथेच राहिली. त्याला वाटत राहिलं, भावोजींनी घालवलं. मी ते वाटू दिलं. मेहुण्यानं भावोजींवर रुसणं परवडतं. बहिणीवर रुसला असता तर ती मोडली असती.

काटा शेवटी पडला आणि तिनं माईक मांडीवर ठेवला. मी वळलो. तो हेडफोन घालून तसाच बसला होता, हात गुडघ्यांवर, बोटं पसरलेली. मग बोलला, पूर्ण इमारतीला ऐकू जाईल अशा आवाजात.

"मग तेव्हाच सांगायचं ना, ताई. हळू वाजवलं असतं मी."

राग नव्हता त्यात. खालच्या शिंप्याशी कापड लांडं पडल्याबद्दल बोलावं, इतकं साधं. ताई त्याच्याकडे बघतच राहिली. मीही. इतक्या वर्षांत आम्हा दोघांनाही हे उत्तर सुचलं नव्हतं, आणि दुसरं उत्तर असूच शकत नव्हतं.

तेवढ्यात दारात शिंपी, गळ्यात मापाची पट्टी, मागे वरच्या मजल्यावरची नवी सून. "काय झालं, आजोबा? भांडण का?"

मी म्हटलं, "होतं. तुम्हाला यायला उशीर झाला."

ताईनं पुन्हा माईक उचलला आणि काहीतरी बोलली, अगदी थोडं. काटा जेमतेम हलला. तो हसला, मग डोळे पुसले, मग परत हसला. काय बोलली ते मी विचारलं नाही. तुम्ही विचारून बघा, सांगेल असं वाटत नाही. नंतर तीन दिवस दोघं तसेच बसायचे. तो हेडफोन घालून, ही माईक धरून, दुपारी आवाज बसेपर्यंत. क्लबात कोण कुणाच्या मागे होतं, कोणाचा शर्ट कधी फाटला, सगळी लफडी. मी चहा करायचो.

अठरा तारखेला ऑपरेशन झालं. नीट झालं. दुसऱ्या दिवशी तिला जाग आली तेव्हा तो शेजारच्या खुर्चीवर होता. हिला बोलायचं नाही, त्याला ऐकू येत नाही. दोघं दिवसभर एकमेकांशेजारी बसून होते, आणि नर्स येऊन मला म्हणाली, "आजोबा, जरा शांत बसा, पेशंटला त्रास होतो."

आवाजाचं दोन आठवड्यांनी कळेल. मी रोज डॉक्टरांना विचारतो, ते रोज "बघू" म्हणतात. मी बेचैन आहे, ती नाही. काल तिला म्हटलं, "तुला काळजी नाही वाटत?" तिनं माझ्या तळहातावर बोटानं हळूहळू, एकेक अक्षर, लिहिलं. आधी मला कळलं नाही, पुन्हा लिहायला लावलं.

"बोलून झालं."

आपला,
रेडिओवाला